रिकामी चौकट म्हणजे शून्य नव्हे

लग्नकार्यात भेटणाऱ्या नातेवाइकांना माझं काम समजावून सांगायचा मी गेली कित्येक वर्षं प्रयत्न करते आहे. "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढ्यावर मामा मंडळींचं समाधान होतं. "स्टॅटिस्टिक्स" म्हटलं की एखादे काका "म्हणजे जनगणना का?" असं विचारतात. पण आटपाडीची आत्या सोडत नाही. "काय गं, ते रक्ताचं काहीतरी करतेस म्हणे? मग माझी शुगर का वाढते ते सांग की!" आता हे एवढं सोपं असतं तर काय हवं होतं! म्हणून म्हटलं, एकदा बसून नीट लिहूनच टाकावं. आत्याला तिची नात वाचून दाखवेल, आणि इथल्या नेहमीच्या मंडळींची "हल्ली लिहीत का नाहीस" ही तक्रारही मिटेल. (लिहीत नव्हते कारण पॅकेजचं नवीन व्हर्जन काढत होते. तेच तर सांगते आहे.)

तर मंडळी, सुरुवात घरातूनच करू. आपण पोळी-भाजी खातो, चहा पितो, जिना चढतो, झोपतो, काळजी करतो. या सगळ्यात शरीराच्या आत सतत काहीतरी फोडलं जातं आणि काहीतरी बांधलं जातं. त्यात जे हजारो छोटे छोटे रेणू तयार होतात (ग्लुकोज, युरिया, क्रिएटिनिन, अमिनो आम्लं, मेदाम्लं वगैरे) त्यांना मेटाबोलाइट म्हणतात. ते सगळे एका दमात मोजू पाहणारं शास्त्र म्हणजे मेटाबोलॉमिक्स. जनुकं म्हणजे पाककृतींची वही धरली, तर मेटाबोलाइट म्हणजे स्वयंपाक झाल्यानंतरचा ओटा. वहीत काय लिहिलंय यापेक्षा आज प्रत्यक्ष काय शिजलं, काय करपलं, हे ओटा जास्त खरं सांगतो.

नाव नवीन असलं तरी कल्पना फार जुनी आहे. आपल्याकडे 'मधुमेह' हा शब्दच लघवीच्या गोडीवरून आला. युरोपात उलरिख पिंडर नावाच्या वैद्याच्या १५०६ सालच्या पुस्तकात लघवीच्या रंगांचं एक चक्रच छापलेलं आहे. रंग, वास आणि हो, चवसुद्धा बघून आजार ओळखायचा! पुढे १९०२ मध्ये लंडनच्या आर्चिबाल्ड गॅरड या डॉक्टरांनी लघवी काळी पडणाऱ्या मुलांचा अभ्यास छापला. त्यातल्या बऱ्याच मुलांचे आईवडील एकमेकांचे सख्खे चुलत किंवा मावसभावंड होते, आणि त्यावरून त्यांनी हा दोष जन्मजात, आनुवंशिक असल्याचं ओळखलं. 'मेटाबोलोम' हा शब्द मात्र १९९८ चा. म्हणजे काम बाबा आदमच्या काळचं, बारसं आत्ताचं :)

आता चव घ्यायचं काम यंत्र करतं. थेंबभर रक्तद्रव घ्यायचा, त्यातली प्रथिनं काढून टाकायची आणि उरलेलं एका बारीक नळीतून सोडायचं. वेगवेगळे रेणू वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात. बाहेर पडला की त्याला विद्युतभार देऊन त्याचं वस्तुमान मोजायचं. हे मास स्पेक्ट्रोमीटरचं काम. हाती येतो तो एक भलाथोरला तक्ता. आडव्या ओळीत माणसं, उभ्या रकान्यात पदार्थ. पण रकान्याच्या डोक्यावर 'ट्रिप्टोफॅन' असं सुवाच्य नाव नसतं. तिथे असतं '२०५.०९७, इतक्या मिनिटाला'. मग कोणीतरी बसून शोधायचं की हे ट्रिप्टोफॅन असावं. बरं, ल्युसिन आणि आयसोल्युसिन या दोन अमिनो आम्लांचं वस्तुमान तंतोतंत सारखं. जुळ्या भावांना नुसत्या वजनावरून ओळखण्यातला प्रकार!

या क्षेत्रातलं मोठं काम मोठ्या लोकांनी करून ठेवलं आहे. २००६ साली एक्ससीएमएस आलं. यंत्राच्या नोंदींमधून शिखरं शोधायची आणि सोमवारी चौथ्या मिनिटाला दिसलेलं शिखर मंगळवारी जरा उशिरा आलं तरी तेच आहे हे जुळवायचं, हे काम ते करतं. २००७ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या डेव्हिड विशार्ट यांच्या गटाने मानवी मेटाबोलाइटचा मोठा डेटाबेस काढला, आणि २००९ साली त्याच गटातून मेटाबोॲनालिस्ट आलं, म्हणजे ब्राउझरमध्ये बसून सगळं विश्लेषण. आमचं पॅकेज यांच्यापुढे अगदीच किरकोळ. आर भाषेत लिहिलेलं, तक्ता तयार झाल्यानंतर त्याचं काय करायचं एवढ्यापुरतं. 'आम्ही' म्हणजे अडीच माणसं. मी, माझी एक रसायनशास्त्रातली मैत्रीण, आणि एक मित्र जो फक्त रविवारी असतो. नाव सांगत नाही, उगाच जाहिरात नको.

पण या किरकोळ कामात जे प्रश्न पडतात ते मला अजिबात किरकोळ वाटत नाहीत.

* * *

पहिला प्रश्न रिकाम्या चौकटींचा.

या तक्त्यात जागोजागी भोकं असतात. अमुक बाईच्या रक्तात तमुक पदार्थ, आणि चौकट रिकामी. याचा अर्थ काय? लोक सरळ शून्य भरून मोकळे होतात. आमच्या आत्याच्या भागातलं उदाहरण देते. समजा पावसाच्या नोंदवहीत एका दिवशीची जागा कोरी आहे. त्या दिवशी पाऊस पडला नाही असं असेल. चार थेंब पडले पण मापकात मोजण्याइतके साचले नाहीत, असंही असेल. किंवा माणूस मापक बघायला गेलाच नाही, असंही असेल. तिन्हींची कोरी जागा दिसायला सारखीच. पण दुष्काळी तालुक्यात या तीन गोष्टींमध्ये किती फरक आहे हे मी सांगायला नको.

मेटाबोलॉमिक्समध्ये बहुतेकदा दुसरी गत असते. पदार्थ असतो, पण यंत्राला दिसण्याच्या मर्यादेखाली. अशा वेळी काहीजण रकान्याची सरासरी भरतात. समजा दहा जणांपैकी सहांचे आकडे ४० ते ६० आहेत आणि चौघांचे २० च्या खाली असल्यामुळे दिसलेच नाहीत. तिथे ५० भरले, तर ज्यांच्याकडे सगळ्यात कमी होतं त्यांनाच आपण मध्यमवर्गीय करून टाकलं! म्हणून अशा ठिकाणी मर्यादेच्या निम्मा आकडा भरायची पद्धत आहे. तीही काही आदर्श नाही, पण निदान खोटं बोलण्याची दिशा तरी बरोबर असते. पण चौकट रिकामी राहण्याचं कारण 'मापक बघायला कोणी गेलंच नाही' हे असेल, तर निम्मा आकडा भरणंही चूकच.

शिवाय आणखी एक गंमत. ज्या रकान्यात फार भोकं आहेत तो रकानाच काढून टाकायचा, असा रिवाज आहे. साधारणपणे ऐंशी टक्के चौकटी भरलेल्या हव्यात असं धरतात. पण ही टक्केवारी सगळ्यांची मिळून मोजली, तर जो पदार्थ सगळ्या रोग्यांमध्ये आहे आणि निरोगी माणसांत अजिबात नाही, तो रकानाच केराच्या टोपलीत जातो. म्हणजे ज्याला शोधायला निघालो त्यालाच दारातून हाकलायचं. म्हणून ती टक्केवारी गटागटाने मोजावी लागते. एका ओळीच्या कोडचा फरक आहे हा. पण ती ओळ कोणीतरी लिहायला हवी.

या बाबतीत मला आर भाषा मनापासून आवडते. तिच्यात रिकाम्या जागेला 'एनए' म्हणतात, आणि ज्या आकड्यांत एक जरी एनए असेल त्यांची सरासरी विचारली तर उत्तर येतं एनए. म्हणजे "मला ठाऊक नाही". तुम्ही मुद्दाम "ते सोडून दे" असं सांगितलंत तरच ती पुढे जाते. नवीन मुलं यावर फार वैतागतात. मला मात्र हा घरातल्या एखाद्या करारी आजीसारखा स्वभाव वाटतो. माहीत नाही तर नाही म्हण की सरळ!

* * *

दुसरा प्रश्न पातळपणाचा. लघवीचे नमुने घेतले तर कोणी दोन तांबे पाणी पिऊन आलेलं असतं, कोणी उन्हातून तसंच आलेलं असतं. पाणी पिऊन आलेल्याचे सगळेच पदार्थ कमी दिसणार. म्हणून क्रिएटिनिनने भागतात. पण मूत्रपिंडाचाच आजार असेल तर क्रिएटिनिनवरच भरवसा कसा ठेवायचा? २००६ साली यावर एक सुरेख युक्ती छापली गेली. ती मी चहावरून समजावते. पातळ चहात साखर, दूध, पावडर सगळंच एका प्रमाणात कमी असतं. तेव्हा प्रत्येक पदार्थाचं 'नेहमीच्या चहा'शी गुणोत्तर काढायचं आणि त्या सगळ्या गुणोत्तरांमधलं मधलं घ्यायचं. ते अर्धं आलं तर चहा दुप्पट पातळ आहे, सगळं त्याने भागा. मधलं घ्यायचं कारण असं, की एखाद्याने मुद्दाम साखर जास्त घातली असेल तर त्या एका पदार्थामुळे हिशेब बिघडू नये. मला अशा युक्त्या वाचल्या की दिवसभर बरं वाटतं.

तिसरा प्रश्न भरमसाट रकान्यांचा. माणसं साठ, रकाने अठराशे. महालनोबिस यांनी १९३६ साली दोन गटांमधलं अंतर मोजायची जी रीत दिली ती जगभर वापरतात. पण रकाने माणसांपेक्षा जास्त झाले की ती तशीच्या तशी चालत नाही, त्यातला एक भागाकार करताच येत नाही. आणि एकेक रकाना तपासायला गेलं तर आणखी पंचाईत. शंभरात पाच चुका चालतील असं ठरवून १८०० रकाने तपासले, तर काहीही फरक नसताना नुसत्या योगायोगाने ९० रकाने "मी! मी!" म्हणून हात वर करणार.

यावर १९९५ साली बेंजामिनी आणि हॉकबर्ग यांनी जो उपाय सांगितला तो आंब्याच्या पेटीसारखा आहे. बागेतला एकही आंबा चुकीचा निवडला जाऊ नये अशी अट घातली, तर पेटी रिकामीच राहील. त्याऐवजी अट अशी घालायची, की जी पेटी मी भरून देईन तिच्यात डागी आंबे सरासरीने पाच टक्क्यांहून जास्त नसतील. व्यवहारी लोक!

आणि चौथा प्रश्न, माझ्या खास नावडीचा, तो सुंदर चित्रांचा. पीएलएस नावाची एक पद्धत आहे. हर्मन वोल्ड या स्वीडिश संख्याशास्त्रज्ञाने ती घडवली आणि त्याच्या मुलाने, स्वान्ते वोल्डने, ती रसायनशास्त्रात नेली. पद्धत उत्तम आहे. पण तिला 'हे रोगी, हे निरोगी' असं आधीच सांगून चित्र काढायला लावलं, की ती दोघांना वेगळं करून दाखवतेच. आज्ञाधारक आहे बिचारी. आमच्या इथल्या एका बैठकीत मी एक चित्र दाखवलं होतं. डावीकडे लाल ठिपके, उजवीकडे निळे, मधे झक्कपैकी मोकळी जागा. सगळे खूश. कोणता आजार, म्हणून विचारलं. म्हटलं, कुठलाच नाही. साठ ओळी आणि दोन हजार रकाने कॉम्प्युटरने यादृच्छिक आकड्यांनी भरले आहेत, आणि लाल-निळं मी नाणं उडवून ठरवलं आहे.

थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग चहा आला.

म्हणून आमच्या पॅकेजमध्ये ते चित्र एकटं येत नाही. आधी लेबलं हजार वेळा पिसली जातात, पत्ते पिसतात तशी, आणि प्रत्येक वेळी तेच विश्लेषण पुन्हा होतं. खऱ्या लेबलांचं उत्तर पिसलेल्या लेबलांपेक्षा स्पष्टपणे चांगलं असेल तरच त्याला अर्थ. हा आकडा चित्राच्या डोक्यावरच छापला जातो. "तो जरा खाली, बारीक अक्षरात घेता येईल का?" अशा विनंत्या येतात. नाही घेता येत :)

* * *

आता खरं ज्यासाठी लिहायला बसले ते. (जिची गोष्ट आहे तिला विचारूनच लिहिते आहे. तपशील थोडे बदलले आहेत.)

मागे एकदा एका मुलीचा फोन आला. मराठवाड्यातली, पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात. विषय होता गरोदरपणातला मधुमेह. तीस बायका मधुमेह असलेल्या, तीस नसलेल्या. सगळ्यांचं उपाशीपोटी घेतलेलं रक्त, १८०० रकाने. तिला ४१२ रकान्यांमध्ये फरक सापडला होता, तोही डागी आंब्यांची अट लावून! पण आमचं पॅकेज प्रत्येक पानावर तांबड्या अक्षरात एक सूचना छापत होतं. तिचा प्रश्न साधा होता.

"मॅडम, ती तांबडी वॉर्निंग बंद कशी करायची?"

मी म्हटलं, "आधी मला सांग, नमुने यंत्रावर कधी कधी चालवलेस?"

मधुमेहवाल्या बायकांचे नमुने पहिल्या आठवड्यात. बाकीच्यांचे तीन आठवड्यांनी. कारण ते तेव्हा गोळा झाले. आणि मधल्या काळात यंत्राची ती बारीक नळी बदललेली.

म्हणजे 'मधुमेह आहे-नाही' आणि 'पहिला आठवडा-चौथा आठवडा' हे दोन रकाने अक्षरशः एकच होते. पॅकेज तेच ओरडत होतं. मुलांची उंची एका टेपने मोजायची आणि मुलींची दुसऱ्या टेपने, तर फरक मुला-मुलींचा की टेपचा, हे कसं कळणार?

"पण मॅडम, बॅच करेक्शन करते ना मी. त्यासाठी पद्धती आहेत." ती हुशार होती. पद्धती आहेतच, २००७ सालची कॉम्बॅट तर फार प्रसिद्ध आहे. पण दोन आठवड्यांमधला फरक वजा करायला गेलं तर आजाराचा फरकही त्याच्याबरोबर वजा होणार, कारण दोन्ही एकाच पाटावर बसलेले. यातून वाचवणारी एकच गोष्ट असते. सगळ्यांच्या नमुन्यांतला एकेक चमचा काढून एक मिसळ करायची आणि दर दहा नमुन्यांनंतर ती पुन्हा पुन्हा यंत्रावर चालवायची. मिसळ तीच असल्यामुळे तिचा आकडा बदलला तर ते यंत्राचं कर्तृत्व, आणि तेवढं वजा करता येतं. तिच्याकडे पहिल्या आठवड्यातली अशी मिसळ नव्हती. तिला तसं कोणी सांगितलंच नव्हतं.

फेलोशिपचे सहा महिने उरले होते. गाईड सरांना ४१२ चा आकडा कळलेला होता आणि पेपरचा मसुदा तयार होता. ती म्हणाली, "मॅडम, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही वॉर्निंग येतच नाही."

हे खरं होतं. आणि मला तिचा राग आला नाही. घरून रोज फोन, "कधी संपणार?" म्हणून. लग्नाचं वेगळंच. गावातली पीएचडी करणारी पहिली मुलगी. मी सूचना बंद करायची युक्ती सांगितली असती तर पाच मिनिटांत सांगता आली असती. कोड माझाच आहे. माझ्या एका ओळीवर कोणाचं तरी अख्खं वर्ष अडलंय, हे इतक्या थेट मला त्याआधी कधी ऐकू आलं नव्हतं.

पण मला सारख्या त्या साठ बायका दिसत होत्या. पोटुशी, सकाळी काही न खाता एसटीने किंवा रिक्षाने आलेल्या, कोणीतरी "अभ्यास आहे, पुढच्या बायकांना उपयोग होईल" म्हटलं म्हणून हात पुढे केलेल्या. त्यांनी रक्त दिलं ते नळी बदलल्याचा पुरावा गोळा करायला नव्हे.

मी तिला विचारलं, "रक्तद्रव उरलंय का?"

फ्रीजरमध्ये, उणे ८० अंशांवर, साठपैकी बावन्न जणींचं उरलं होतं.

पुढचं लांबण लावत नाही. सरांना समजावणं तिला जड गेलं. मी त्यांच्याशी फोनवर बोलले, सुरुवातीला ते नाराज होते, पण त्यांनी यंत्राचे तास मिळवून दिले. नमुन्यांचा क्रम मी चिठ्ठ्या टाकल्यासारखा मिसळून दिला, मधे मधे मिसळ, आणि यंत्र चालवणाऱ्याला कोणती बाटली कोणाची ते माहीत नाही. दोन रात्री ती मुलगी यंत्रापाशी बसून होती.

४१२ चे ९ झाले.

त्या नऊतला पहिला कोण, ते सांगते म्हणजे थोडं हसू येईल. वस्तुमान १३०.१०८७. मेटफॉर्मिन. मधुमेहाची गोळी! म्हणजे आम्ही असा महान शोध लावला, की मधुमेह असलेल्या बायका मधुमेहाची गोळी घेतात. असं या क्षेत्रात सर्रास होतं. कधी पॅरासिटामॉल सापडतं, कधी कॉफी. उरलेल्या आठांत ल्युसिन आणि व्हॅलिन होते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या माणसांवरचा एक अभ्यास २०११ साली आला होता. त्यात ही दोन्ही धरून पाच अमिनो आम्लं मधुमेह होण्याआधी कित्येक वर्षं रक्तात वाढलेली दिसली होती, काहींच्यात तर बारा वर्षं आधी. म्हणजे आमच्या हाती आलं ते खरं होतं, पण नवीन नव्हतं.

ती फोनवर बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मॅडम, म्हणजे माझ्या कामात काहीच नाही."

"काहीच नाही" आणि "दिसण्याच्या मर्यादेखाली आहे" यातला फरक मी तिला सांगू शकले असते. नाही सांगितला. त्या क्षणी ते व्याख्यान झालं असतं. मी नुसतं म्हटलं, "बाई गं, आता जे आहे ते तुझं आहे. कोणी कुठूनही तपासलं तरी टिकेल."

थिसिस झाला. पेपर मोठ्या जर्नलात नाही, छोट्या जर्नलात आला. मोठ्या ठिकाणचा पोस्टडॉक हुकला, तो कदाचित ४१२ वर मिळाला असता. हे मी लपवत नाही. खरेपणाची किंमत दर वेळी परत मिळतेच असं नाही, आणि तसं सांगणारे सुविचार मला आवडत नाहीत. आता ती एका कॉलेजात शिकवते आणि तिच्या विद्यार्थ्यांना नमुने चिठ्ठ्या टाकून मिसळायला लावते, एवढं मला माहीत आहे.

* * *

आत्या, तुझ्या शुगरचं उत्तर या सगळ्यात कुठे आहे म्हणशील. खरं सांगायचं तर एका बाईचं उत्तर एका तक्त्यातून मिळत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आयांचा अभ्यास सुरू केला. त्या आयांची बाळं वजनाला कमी, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त, असं त्यातून दिसलं. आईच्या अंगातल्या बी-१२ जीवनसत्त्वाचा बाळाच्या पुढच्या तब्येतीशी काय संबंध, हेही तिथे अनेक वर्षं तपासलं गेलं. बी-१२ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन वाढतं. तेही एक मेटाबोलाइटच. ती बाळं मोठी होऊन त्यांना बाळं होईपर्यंत लोक वजनकाटा आणि सुई घेऊन मागे चालत राहिले. तेव्हा कुठे चार गोष्टी कळल्या. तोवर तू गोळी वेळेवर घे आणि लाडू कमी कर, हे तुझे डॉक्टर सांगतात तेच मी सांगणार :)

या प्रकरणाने माझ्या डोक्यात एक गोष्ट मात्र पक्की बसली. सॉफ्टवेअर लिहिणारा माणूस सगळ्यात मोठा निर्णय घेतो तो डीफॉल्टचा. म्हणजे वापरणाऱ्याने काहीच सांगितलं नाही तर काय करायचं? शंभरातले बहुतेक लोक काहीच सांगत नाहीत. आर भाषेत वर्षानुवर्षं एक डीफॉल्ट होता, की मजकुराचा रकाना वाचला की त्याचे आपोआप वर्ग पाडायचे. त्यावरून किती लोकांनी डोकं फोडून घेतलं असेल याची गणती नाही. भाषेचं १.०.० व्हर्जन आलं २९ फेब्रुवारी २००० रोजी, आणि तो डीफॉल्ट बदलला ४.०.० मध्ये, एप्रिल २०२० ला. वीस वर्षं! कारण एकदा लोकांची घरं त्यावर उभी राहिली की वीट हलवता येत नाही. म्हणून पहिली वीट ठेवतानाच विचार करायचा.

आमची ती तांबडी सूचना अजूनही बंद करता येते. कोड उघडा आहे, कोणीही बदलू शकतो. फक्त बंद केली तर अहवालाच्या शेवटी 'ही तपासणी बंद ठेवली होती' अशी एक ओळ येते. यावर आम्हा अडीच माणसांत बरीच भांडणं झाली. रविवारच्या मित्राचं म्हणणं, लोक पळून जातील, दुसरं सॉफ्टवेअर वापरतील. काही गेलेही. पण ती ओळ राहिली.

नवीन व्हर्जन मागच्या आठवड्यात निघालं. त्याआधी सूचनेचा मजकूर मी त्या मुलीला वाचायला पाठवला होता. तिने सुचवलं, "मॅडम, नुसतं चुकलं म्हणून सांगू नका. पुढे काय करायचं तेही सांगा. त्या वेळी माणूस घाबरलेला असतो." आता तिथे दुसरी एक ओळ आहे. मूळ इंग्रजीत आहे, मराठीत साधारण अशी: 'नमुने उरले असतील तर मिसळलेल्या क्रमाने पुन्हा चालवा. उरले नसतील तर हा फरक आजारामुळे आहे असं लिहू नका.'

ही ओळ तिची. आभारांच्या यादीत नावही घातलं आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, आईला दाखवते.

असो. फार लांबलं. रिकाम्या चौकटींबद्दल आणखी बरंच आहे, पण ते पुन्हा कधीतरी.